कासवाला गोधडी पुरत नाही!

थंडी पडली की आपण कपाटातून स्वेटर काढतो. पण बाल्कनीतल्या टबमध्ये बसलेल्या कासवाचं काय? त्याच्यासाठी ऊब म्हणजे नेमकं काय, हे माहीत नसेल तर ते घरी आणूच नका.

कॉलेजच्या कट्ट्यावर थंडीच्या दिवसांत हा प्रश्न एकदा तरी कानावर पडतोच. "अरे, आमचं कासव दोन दिवस झाले काही खात नाहीये. हलतपण नाही. काय करू?" मग उत्तरं सुरू होतात. एक जण म्हणतो, "थंडीत झोपतात ती, टेन्शन नको घेऊ." दुसरी म्हणते, "फडक्यात गुंडाळून ठेव ना." तिसरा म्हणतो, "थोडं गरम पाणी ओत टबमध्ये." आणि चौथा हमखास म्हणतो, "कासव आहे बाबा, ते स्लोच असतं!" सगळे हसतात, चहा येतो, विषय संपतो.

आता कासवाच्या जागी मांजर ठेवून बघा. तुमची मनी दोन दिवस जेवली नाही, कोपऱ्यात पडून राहिली, तर तुम्ही असंच हसाल? रात्री अकरा वाजता डॉक्टर शोधत फिराल. कासवाच्या बाबतीत आपण हे करत नाही, कारण ते ओरडत नाही, कण्हत नाही, पायात घुटमळत नाही. आजारी कासव आणि शांत कासव आपल्याला सारखंच दिसतं. म्हणूनच त्याच्याबद्दल बोलायला हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. थंडीत कासवाला ऊब देणं म्हणजे त्याचे लाड करणं नव्हे. अन्नपाण्याइतकीच ती त्याची मूळ गरज आहे. ज्याला ती भागवणं जमणार नाही, त्याने कासव पाळू नये. आणि ज्याच्या घरात ते आधीच आलंय, त्याने कट्ट्यावरच्या या चार उत्तरांवर विसंबून राहू नये, कारण ही चारही उत्तरं चुकीची आहेत.

गोधडीचं गणित

सगळ्यात प्रेमळ उत्तर दुसरं आहे, फडक्यात गुंडाळायचं. म्हणून त्यापासूनच सुरुवात करू.

आपण गोधडी अंगावर घेतो तेव्हा ऊब गोधडीतून येत नाही. ती आपल्याच शरीरातून येते. आपलं शरीर रात्रंदिवस उष्णता तयार करत असतं आणि ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकून राहतं. गोधडी ती उष्णता फक्त बाहेर जाऊ देत नाही. कुत्र्या-मांजरांचंही तसंच. कासवाच्या शरीरात मात्र आपल्यासारखी सतत पेटलेली चूल नसते. त्याच्या अंगाचं तापमान आजूबाजूच्या पाण्यावर, हवेवर, उन्हावर ठरतं. टबमधलं पाणी १५ अंशांवर गेलं तर कासवही हळूहळू १५ अंशांवर जातं. अशा कासवाला शालीत गुंडाळणं म्हणजे फ्रीजमधल्या पाण्याची बाटली शालीत गुंडाळण्यासारखं आहे. बाटली गरम होत नाही, उलट जास्त वेळ थंड राहते.

म्हणून तर नदीतलं कासव दगडावर चढून, मान लांब करून, पाय पसरून बसलेलं दिसतं. 'ऊन खात बसणं' हे आपण अंगणातल्या आजोबांबद्दल म्हणतो. कासवाच्या बाबतीत ते जवळजवळ शब्दशः खरं आहे. अंग पुरेसं तापलं नाही तर त्याच्या पोटातलं अन्न नीट पचत नाही. रोगाशी लढायची ताकद कमी होते. हातापायांत जोर राहत नाही. सरपटणारे अनेक प्राणी आजारी पडल्यावर मुद्दाम जास्त उबेची जागा शोधतात. आपल्याला ताप आपोआप चढतो. त्यांना तो उन्हातून मिळवावा लागतो!

ऊन आणखी एक काम करतं. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरणांमुळे कासवाच्या त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होतं. त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग पाठ मऊ पडते, वेडीवाकडी वाढते, हाडं ठिसूळ होतात. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, थोडी ऊबही येते, पण हे किरण जवळजवळ अडतात. त्यामुळे "आमचं कासव खिडकीपाशीच असतं" हा बचाव फारसा टिकत नाही.

उष्णता आणि कासव यांचं नातं अंड्यापासूनच सुरू होतं. तुमच्यापैकी काही जण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सवाला जाऊन आले असतील. तिथल्या ऑलिव्ह रिडलेच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हेसुद्धा वाळूतल्या घरट्याचं तापमान ठरवतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त, कमी तापली की नर जास्त. ज्या प्राण्याचं नर-मादी असणंसुद्धा काही अंशांच्या फरकावर ठरतं, त्याला आपण थंडगार लादीवरच्या टबमध्ये ठेवतो आणि म्हणतो, "राहतंय की!"

"झोपलंय ते"

आता पहिलं उत्तर. हे सगळ्यात धोक्याचं आहे, कारण ते अर्धं खरं आहे.

काही जातींची कासवं थंडीत खरंच निद्रिस्त होतात. युरोपातली काही जमिनीवरची कासवं हिवाळाभर मातीत स्वतःला पुरून घेतात. इंग्लंडमध्ये तर अशी कासवं पाळणारे काही लोक त्यांना हिवाळ्यात चक्क फ्रीजमध्ये ठेवतात! पण त्यामागे मोठी तयारी असते. आधी कासवाची तब्येत आणि वजन तपासतात, पोट रिकामं होऊ देतात, तापमान टप्प्याटप्प्याने खाली आणतात आणि मग ते पाच अंशांच्या आसपास स्थिर ठेवतात. अधूनमधून वजन करून बघतात. म्हणजे ते झोपणंसुद्धा तापमानावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवूनच होतं.

आपल्याकडे काय होतं? पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतो. नाशिक, निफाड, नागपूर इथल्या थंडीच्या बातम्या तर आपण दर वर्षी वाचतो. म्हणजे टबमधलं कासव रात्री गारठतं, दुपारी जरा जागं होतं, संध्याकाळी पुन्हा गारठतं. शांतपणे झोपावं इतकी थंडी टिकत नाही आणि खाल्लेलं पचावं इतकी ऊबही मिळत नाही. या अधांतरी अवस्थेत शरीरातला साठा हळूहळू संपत जातो. त्यात कुणी प्रेमाने खायला घातलंच, तर ते पोटात न पचता कुजू शकतं.

मुंबईकरांनी "आमच्याकडे कुठे थंडी?" म्हणून लगेच सुटका करून घेऊ नये. बेडरूममधला एसी रात्रभर १८ अंशांवर असेल आणि टब त्याच खोलीत असेल, तर त्या कासवासाठी बाराही महिने हिवाळाच आहे.

त्यामुळे कासव थंडीत सुस्तावलं, की "झोपलंय" हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. आधी बघायचं, ते पाण्यात एका बाजूला कलून तरंगतंय का? नाकातून किंवा तोंडातून बुडबुडे येतायत का? तोंड उघडं टाकून श्वास घेतंय का? डोळे सुजून मिटलेत का? ही श्वसनाच्या आजाराची लक्षणं असू शकतात. न्यूमोनिया असेल तर घरगुती उपाय करत बसायला वेळ नसतो. कासव बघणारा पशुवैद्य लगेच गाठायचा. प्रत्येक पेट क्लिनिकमध्ये कासवावर उपचार होतातच असं नाही. म्हणून आपल्या शहरात ते कोण बघतं, हे थंडी पडायच्या आधीच विचारून ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. खूप गारठलेलं कासव मेल्यासारखं दिसू शकतं. श्वास इतका मंद होतो की छाती हलताना दिसत नाही, पाय ओढला तरी प्रतिसाद येत नाही. अशा कासवाला मेलं समजून पुरून टाकण्याआधी किंवा नदीत सोडण्याआधी त्याला हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांना दाखवा. खात्री होईपर्यंत ते मेलेलं नाही, असंच धरून चाला.

"एवढी वर्षं काही झालं नाही"

"कासव स्लोच असतं" या चौथ्या उत्तराचा हा सख्खा भाऊ. "आमच्याकडे तीन हिवाळे काढले त्याने, हीटरबिटर काही नव्हता."

काढले असतील. पण कासवाचं सगळंच सावकाश चालतं, तसं आजारी पडणंही. कुत्रा आठवड्याभरात खंगलेला दिसतो. कासवाची पाठ बिघडायला, वाढ खुंटायला महिने, वर्षं लागतात. ते तीन हिवाळे तगून राहिलं आणि चौथ्यात गेलं, तर आपण म्हणतो "अचानक गेलं". अचानक काहीच झालेलं नसतं. जगणं आणि तग धरणं यातला फरक आपल्याला कळायला हवा. परीक्षेच्या आठवड्यात आपणही वडापाव आणि कॉफीवर तग धरतोच की. म्हणून कुणी आपल्याला वर्षभर तेच खायला घालावं का?

दुसरा युक्तिवाद असतो, "जंगलात त्याला कोण हीटर लावून देतं?" बरोबर, कुणी नाही. पण नदीत त्याच्याकडे निवड असते. थंडी वाजली तर उन्हातला दगड आहे, ऊन जास्त झालं तर खोल पाणी आहे, रात्री चिखल आहे, काठची झाडी आहे. दिवसभर या जागांवर ये-जा करून ते स्वतःचं तापमान स्वतः सांभाळतं. टबमध्ये आपण ती निवडच काढून घेतली. दगड, चिखल, खोल पाणी, सगळं काढून घेतलं आणि हातात दिला दीड फुटांचा प्लास्टिकचा गोल. मग नदीत ते जे स्वतः करत होतं, ते आता करायचं कुणी? ज्याने टब आणला त्याने.

मग करायचं काय?

आपल्याकडच्या घरांत जास्त करून दिसतं ते लाल कानाचं कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. डोळ्याच्या मागे लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेतलं, पाण्यात राहणारं. त्याच्यापुरतं सांगायचं तर पाण्याचं तापमान साधारण २४ ते २७ अंश हवं. पाण्याबाहेर येऊन बसायला कोरडी जागा हवी आणि दिव्याखाली तिथलं तापमान ३२ ते ३५ अंश हवं. पिल्लांना पाणी एक-दोन अंश अधिक गरम लागतं. आणि ऊब टबच्या एकाच बाजूला हवी. दुसरी बाजू तुलनेने थंडच ठेवायची, म्हणजे कुठे जायचं ते कासवाला स्वतः ठरवता येतं.

पहिली खरेदी हीटरची नाही, थर्मामीटरची. हात बुडवून "कोमट वाटतंय" हे माप नाही, कारण आपला हातच गरम असतो. एक थर्मामीटर पाण्यात आणि एक बसायच्या जागेवर ठेवा. मग माशांच्या टाकीत लावतात तसा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर घ्या. पन्नास लिटर पाण्याला साधारण ५० ते १०० वॅटचा पुरतो. त्याला जाळीचं आवरण हवं, कारण कासव धडका मारतं आणि काच फुटू शकते. पाणी बदलण्याआधी प्लग काढायचा, ही सवय हाताला लावूनच घ्या.

होस्टेलवाल्यांना खास विनंती. अंघोळीचं पाणी तापवायचा रॉड कासवाच्या टबमध्ये कधीही, एका मिनिटासाठीही टाकू नका. त्यात कासवाच्याच नाही, तुमच्याही जिवाला धोका आहे.

बसायच्या जागेसाठी एखादी वीट, सपाट दगड किंवा फळी चालते. वर दिवा असा पक्का बांधायचा की तो पाण्यात पडणार नाही. दिव्याची उंची अंदाजाने नाही, थर्मामीटर बघून ठरवायची. ऊब देणारा दिवा आणि यूव्हीबी दिवा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, खोक्यावरचं वाचून घ्या. दिवे दिवसा दहा-बारा तास ठेवायचे आणि रात्री बंद. रात्री त्यालाही अंधार लागतोच. कासवाला खालून तापणाऱ्या वस्तूवर, म्हणजे शेकायच्या पिशवीवर किंवा हीटिंग पॅडवर थेट ठेवू नका. पोटाखाली भाजतंय हे त्याला वेळेवर कळेलच असं नाही.

मग गोधडीचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण नंतर. पाणी आधी तापवलंत तर ती ऊब टिकवायला टबखाली आणि तीन बाजूंनी थर्माकोल लावा. टब लादीवरून उचला, दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यापासून लांब ठेवा. क्रम लक्षात ठेवा, आधी शेकोटी, मग गोधडी. रात्री वीज गेली तर घट्ट बुचाच्या बाटलीत गरम पाणी भरून, तिला फडकं गुंडाळून टबमध्ये सोडता येते. तात्पुरता उपाय म्हणून तो चालतो.

आता राहिलं तिसरं उत्तर, गरम पाणी ओतणं. ते नकोच. गारठलेल्या शरीराला एकदम उष्णता दिली तर त्रास होतो. शिवाय ओतलेलं पाणी तासाभरात पुन्हा गार होतं आणि कासव परत होतं तिथेच येतं. तापमान हळूहळू वाढवायचं आणि मग तिथेच टिकवायचं. ते पुरेसं उबदार होईपर्यंत खायला घालायचं नाही.

सकाळचं कोवळं ऊन उत्तमच. पण काचेची टाकी उचलून उन्हात ठेवू नका. छोट्या काचेच्या टाकीतलं पाणी बघता बघता तापतं आणि पळायला जागा नसते. उथळ परात किंवा टब घ्या, अर्ध्यावर सावली करा आणि तिथेच थांबा, कारण कावळा आणि मांजरही त्याच गच्चीवर असतात. नंतर हात साबणाने धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. या कारणामुळेच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे.

खर्चाचंही बोलून टाकू. शंभर वॅटचा दिवा दहा तास चालला की एक युनिट वीज जाते. म्हणजे महिन्याला तीस युनिट, हीटरचे वेगळे. यूव्हीबी दिवा दिसायला चालू असला तरी काही महिन्यांनी त्यातले किरण कमी होतात, तो बदलावा लागतो. पीजीच्या मालकीणकाकूंना हे बिल चालणार आहे का? सेमिस्टरच्या परीक्षा आणि हिवाळा एकत्र येतात, तेव्हा रोज थर्मामीटर बघायला वेळ आहे का? सुट्टीत तुम्ही गावी जाल तेव्हा कोण बघणार? या प्रश्नांची उत्तरं दुकानात जायच्या आधी द्यायची असतात.

आधी बघा, कासव कोणतं आहे

इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "पण आमचं तर पाण्यातलं नाहीये, पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत." तर थांबा. वर सांगितलेलं तुमच्यासाठी नाही.

ते स्टार कासव असण्याची शक्यता आहे आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. त्यात किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद होऊ शकते, शिवाय दंड. आंतरराष्ट्रीय व्यापारातही २०१९ मध्ये त्याला सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत टाकलं गेलं. तरी त्याचा चोरटा धंदा किती मोठा आहे, ते बघा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या एकाच ठिकाणच्या व्यापारासाठी वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवं पकडली जातात, असा अंदाज मांडला होता. पिशव्यांत, बॅगांत कोंबून निघालेल्या या कासवांपैकी एखादं तुमच्या ओळखीच्या कुणाकडे "लकी" म्हणून आलेलं असतं.

आपल्या नद्या-तळ्यांतली कितीतरी कासवंही कायद्याने संरक्षित आहेत. शेतात, विहिरीत सापडलं म्हणून ते आपलं होत नाही. अशा कासवाला उत्तम हीटर लावून दिला तरी ते कैदेतच आहे. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. माणसं येईपर्यंत त्याला उबदार, शांत खोक्यात ठेवा. आणि 'परदेशी कासवाला नियमच नसतात' असंही समजू नका. विदेशी प्राण्यांबाबतचे नियमही अलीकडे कडक झालेत.

सोडून देणं म्हणजे सुटका नव्हे

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, झंझटच नको, तळ्यात सोडून देऊ. पुण्यही लागेल. कृपा करून हे करू नका.

दुकानातून पाच-सहा सेंटीमीटरचं पिल्लू आणलेलं असतं. "एवढंच राहतं" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. लाल कानाची मादी पंचवीस-तीस सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि वीस-तीस वर्षं जगू शकते. टब पुरेनासा झाला की लोक देवळाच्या तळ्यात किंवा शहरातल्या तलावात तिला सोडतात. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. गुवाहाटीतल्या देवळाच्या तळ्यात, केरळमधल्या कालव्यांत ते सापडलेलं आहे. ते स्थानिक कासवांचं अन्न खातं, रोग पसरवू शकतं. आणि युरोपातल्या अभ्यासांत दिसलंय की ते तिथल्या स्थानिक कासवांना ऊन खायच्या जागांवरून हुसकावतं. म्हणजे ज्या उबेची सोय आपण घरात केली नाही, तिच्यासाठी ते दुसऱ्या कासवाला थंडीत ढकलतं. ही भांडणं आपण लावून दिलेली असतात.

नाहीच जमत असेल, तर तापमान सांभाळू शकेल असा नीट माणूस शोधा किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी बोला. वेळ लागेल, पाच जण नाही म्हणतील. तोवर हीटर चालू ठेवणं हीच तुमची जबाबदारी.

नजर की ऊब?

आपल्या संतांच्या लिखाणात कासवीची नजर ही एक लाडकी कल्पना आहे. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही, नुसत्या प्रेमाच्या नजरेने त्यांचं पोषण करते, असं मानलं गेलं. आईच्या आणि देवाच्या मायेसाठी ती उपमा सुंदरच आहे. खरी कासवी मात्र अंडी घालते, त्यावर माती किंवा वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांना वाढवते ती त्या मातीची आणि उन्हाची ऊब.

आपलं कासवप्रेमही बऱ्याचदा नजरेचंच असतं. आपण त्याच्याकडे बघतो, फोटो काढतो, रील करतो, नाव ठेवतो, ते उत्तर दिशेला ठेवलं की घरात पैसा येतो असंही ऐकतो. (नशीबच हवं असेल तर पितळेचं कासव आणा. त्याला न्यूमोनिया होत नाही.) पण या सगळ्या बघण्यातून टबमधलं पाणी अर्ध्या अंशानेही तापत नाही.

म्हणून माझं मत कुणाला कोरडं वाटलं तरी चालेल. कासव आवडत असेल तर ते विकत घेऊ नका. मार्चच्या आसपास वेळासला जा, पहाटे समुद्राकडे निघालेली पिल्लं बघा. नदीकाठी दगडावर ऊन खाणारं कासव लांबून बघा. आणि तुमच्या घरात किंवा रूमवर ते आधीच असेल, तर आज रात्री झोपायच्या आधी एक काम करा. टबमधल्या पाण्यात थर्मामीटर घाला. आकडा वीसच्या खाली असेल, तर उद्याचं पहिलं लेक्चर बुडवून हीटर आणायला जा. अटेंडन्सचं आपण बघून घेऊ.